सॅव्हानावर प्रोजेक्ट मंजूर करून घ्यायचाय? आधी प्रत्येक फाइलचा माथा बघा

सॅव्हाना म्हणजे जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची, प्रोजेक्टचा कोड ठेवायची साइट. तिथे प्रोजेक्ट टाकायचा म्हटलं की बरेच जण फॉर्म भरतात, दोन ओळींचं वर्णन लिहितात, सबमिट करतात आणि मग रिव्ह्यूअरची पहिली कमेंट आली की नाराज होऊन सोडूनच देतात. फार वाईट वाटतं हे बघून, कारण त्यातले बहुतेक प्रोजेक्ट चांगले असतात आणि अडलेलं काम एका निवांत संध्याकाळचं असतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा. इथे तुमचा कोड किती भारी आहे, किती फास्ट आहे, किती लोक वापरतात हे कोणी तपासत नाही. अर्धवट असला तरी चालतो. तपासतात ते एवढंच, की हा कोड उद्या कुणा अनोळखी माणसाने घेतला, बदलला, पुढे वाटला, तर त्याला कायद्याने कोणी अडवू शकतं का. तुम्ही लायसन्स दिलंच नाही तर कॉपीराइट कायद्याप्रमाणे सगळे हक्क आपोआप तुमच्याकडेच राहतात, म्हणजे कोड नेटवर उघडा पडलाय म्हणून तो मुक्त झाला असं होत नाही. सगळी तपासणी इथूनच सुरू होते.

सॅव्हानाचे दोन भाग आहेत. एक जीएनयूच्या अधिकृत पॅकेजेससाठी, दुसरा बाकी सगळ्यांसाठी, त्याला नॉनजीएनयू म्हणतात. तुमचा प्रोजेक्ट आधीच जीएनयूने स्वीकारलेला नसेल तर सरळ नॉनजीएनयू निवडा. जीएनयूचं पॅकेज व्हायची प्रक्रिया वेगळी असते आणि तिथलं मूल्यमापनही वेगळं, ती दोन्ही कामं एकत्र करायला जाऊ नका.

आता लायसन्स. अट अशी की ते जीपीएल 3 शी (जीपीएल म्हणजे जीएनयूचं मुक्त सॉफ्टवेअरचं लायसन्स, 3 ही त्याची आवृत्ती) जुळणारं पाहिजे, आणि जीपीएल वापरत असाल तर "किंवा त्यानंतरची कोणतीही आवृत्ती" हे शब्द पाहिजेतच. इथे खूप जण अडकतात. जीपीएल 2 आली 1991 मध्ये, जीपीएल 3 आली 2007 मध्ये, आणि "फक्त आवृत्ती 2" असं लिहिलेला कोड 3 वाल्या कोडमध्ये मिसळताच येत नाही. दोन्ही मुक्त, दोन्ही जीपीएल, तरी एकत्र नांदत नाहीत. त्यामुळे "फक्त 2" वाला प्रोजेक्ट इथे मंजूर होत नाही. एमआयटी, तीन कलमांचं बीएसडी, अपाची 2.0 ही लायसन्स जीपीएल 3 शी जुळतात. जुनं चार कलमांचं बीएसडी जुळत नाही, त्यातल्या जाहिरातीच्या कलमामुळे. तुम्ही जुन्या कुठल्या लायब्ररीचा तुकडा उचलला असेल तर त्याची कलमं मोजून बघा.

लायसन्स ठरलं की खरं काम सुरू, आणि जास्तीत जास्त अर्ज इथेच लटकतात. जीपीएलचा पूर्ण मजकूर साध्या टेक्स्टमध्ये, कॉपीइंग नावाच्या फाइलमध्ये, रेपोच्या (प्रोजेक्टच्या सगळ्या फाइल्स असतात त्या मुख्य फोल्डरच्या) मुळाशी ठेवायचा. हे सगळे करतात. पण तेवढ्याने भागत नाही. साधारण दहा ओळींपेक्षा मोठ्या प्रत्येक फाइलच्या माथ्यावर कॉपीराइटची ओळ आणि परवानगीची नोटीस लागते. प्रत्येक फाइलच्या, म्हणजे मेकफाइल, टेस्ट, शेल स्क्रिप्ट, सीएसएस, बिल्डची कॉन्फिगरेशन, सगळं आलं त्यात.

लोक विचारतात, एकदा रीडमीत लिहिलंय ना, मग परत परत कशाला? कारण फाइल्स एकट्या फिरतात. कोणीतरी तुमची एक पार्सरची फाइल उचलून आपल्या प्रोजेक्टमध्ये टाकतो, तिथून तिसरा उचलतो, आणि पाच वर्षांनी त्या फाइलचा मालक कोण, परवानगी काय, हे कोणालाच सांगता येत नाही. माथ्यावर नोटीस असेल तर ती फाइल कुठेही गेली तरी आपले कागद सोबत घेऊन जाते.

नोटीस कशी असते ते सांगतो. पहिल्या ओळीत प्रोग्रामचं नाव आणि तो काय करतो ते एका वाक्यात. मग कॉपीराइट हा शब्द, कंसात सी, वर्षं, आणि हक्कदाराचं नाव. वर्षं म्हणजे ज्या ज्या वर्षी त्या फाइलमध्ये खरंच काही काम झालं ती वर्षं, उगीच सगळीकडे चालू वर्ष चिकटवायचं नाही. त्याखाली तीन परिच्छेद: हा मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि या या अटींवर वाटता बदलता येईल, कुठलीही हमी नाही, आणि लायसन्सची प्रत सोबत मिळाली असेल, नसेल तर इथे बघा. हा मजकूर स्वतः रचायचा नाहीये, जीपीएलच्या अगदी शेवटी "या अटी आपल्या प्रोग्रामला कशा लावायच्या" असा भाग आहे तिथून जसाच्या तसा उचलायचा. लायसन्सचं नाव ठरावीक पद्धतीने सांगणारा एकाच ओळीचा एसपीडीएक्स टॅग हल्ली बरेच जण टाकतात, तो मशीनला वाचायला छान आहे, पण या अर्जासाठी तेवढ्यावर थांबू नका, पूर्ण नोटीस द्या.

राहिलेल्या फाइल्स शोधायला डोळे फोडायची गरज नाही. ग्रेप या फाइल्समध्ये शब्द शोधणाऱ्या कमांडला मोठ्या लिपीतला एल हा पर्याय दिला की ज्या फाइल्समध्ये तो शब्द नाहीच अशांची यादी मिळते, म्हणजे कॉपीराइट हा शब्द शोधायचा आणि जी यादी येईल ती तुमची कामाची यादी. फक्त गिटला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला) माहीत असलेल्या फाइल्सवरच चालवा, नाहीतर बिल्डचा कचरा पण येतो त्यात. युरोपातल्या एफएसएफई या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेने रीयूज नावाचं टूल केलंय, त्याची लिंट कमांड पण हेच काम जास्त काटेकोरपणे करते, चित्रं वगैरे सकट.

चित्रं! त्यात कमेंट लिहिता येत नाही, जेसनमध्ये पण नाही. मग त्या फोल्डरमध्येच एक रीडमी ठेवायची आणि त्यात फाइलचं नाव, कोणी बनवलं, कुठलं लायसन्स हे लिहायचं. सोपं आहे, पण हे लिहायला बसलं की पोटात गोळा येतो, कारण तेव्हाच आठवतं की तो सेव्हचा आयकॉन नेटवरून उचलला होता आणि कुठून ते आता माहीत नाही. असा आयकॉन सरळ काढून टाका आणि दुसरा लावा, मूळ शोधत बसण्यापेक्षा ते लवकर होतं. क्रिएटिव्ह कॉमन्स लिहिलंय म्हणून निश्चिंत होऊ नका, ज्यात "व्यावसायिक वापर नाही" किंवा "बदल करायचा नाही" अशी अट आहे ते मुक्त धरत नाहीत. बीवाय-एसए 4.0 चालतं, 2015 पासून ते जीपीएल 3 मध्ये एका दिशेने नेता येतं, उलट नाही. फॉन्ट ओएफएल या फॉन्टसाठीच्या मुक्त लायसन्सखाली असेल तर काळजी नाही.

वेब प्रोजेक्टवाल्यांनी मिनिफाय केलेल्या (मोकळ्या जागा, कमेंट काढून आकसलेल्या) जावास्क्रिप्टकडे खास लक्ष द्या. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीचं लायसन्स एमआयटी आहे, त्याला कोणाची हरकत नाही, पण रेपोत नुसती मिनिफाय केलेली फाइल असेल तर तो सोर्स नाहीच. जीपीएलच्या भाषेत सोर्स म्हणजे बदल करायला माणूस जे रूप पसंत करेल ते, आणि एका ओळीत कोंबलेलं ते गाठोडं कोणी पसंत करत नाही. मूळ फाइल ठेवा, मिनिफाय बिल्डच्या वेळी करा.

डिपेन्डन्सीची, म्हणजे तुमचा प्रोग्राम ज्या बाहेरच्या लायब्ररींवर चालतो त्यांची, यादी फॉर्ममध्ये द्यायची असते, प्रत्येकाचं नाव, लायसन्स आणि पत्ता. इथे कंटाळा केला की रिव्ह्यूअरला स्वतः शोधावं लागतं, आणि ही माणसं व्हॉलंटियर आहेत, आपली नोकरी-घर सांभाळून उरलेल्या वेळात हे करतात. त्यांचा वेळ वाचवला की तुमचाच नंबर लवकर लागतो. प्रोजेक्ट बंदिस्त (मुक्त नसलेल्या) लायब्ररीवर अवलंबून नसावा. म्हणजे एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डवर गणितं करून घेणाऱ्या कुडाशिवाय तुमचा प्रोग्राम सुरूच होत नसेल तर तो अडकणार. आणि पूर्णपणे मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर तो निदान इतर ठिकाणी चालतो तितका चांगला तरी चालला पाहिजे.

वर्णनात "फ्री सॉफ्टवेअर" म्हणा, "ओपन सोर्स" नको, आणि सिस्टिमबद्दल बोलताना जीएनयू/लिनक्स लिहा. सॅव्हानाच्या अटींमध्येच आहे ते. मॅन्युअल असेल तर ते जीएफडीएल (जीएनयूचं मॅन्युअल-दस्तऐवजांसाठीचं लायसन्स) 1.3 किंवा नंतरची आवृत्ती असं ठेवा.

तुमच्याशिवाय इतरांनी पण कोड दिला असेल तर गिट शॉर्टलॉग चालवून नावं काढा. लायसन्स बदलत असाल तर त्या प्रत्येकाची संमती लागते, आणि ती लेखी घ्या, ईमेल चालेल. नोकरी करत असाल तर करारपत्र काढून वाचा, कामाच्या वेळेत किंवा कंपनीच्या लॅपटॉपवर लिहिलेल्या कोडचे हक्क कोणाकडे जातात ते त्यात असतं. हे आधी निस्तरलेलं बरं, मंजुरीनंतर निघालं तर सगळं उतरवावं लागेल.

एवढं झालं की गिट आर्काइव्हने टारबॉल (सगळ्या फाइल्सची एक गुंडाळलेली फाइल) करा, रिकाम्या फोल्डरमध्ये उघडा आणि रिव्ह्यूअर बघेल तसं एकदा स्वतः बघा. मग अर्ज करा आणि टारबॉलची लिंक त्यात द्या. अर्ज केला की त्याचा एक टास्क तयार होतो आणि पुढचं सगळं बोलणं तिथेच चालतं. रिव्ह्यूअर म्हणेल या या फाइल्समध्ये नोटीस नाही. त्याने दोन फाइल्सची नावं घेतली तर ती उदाहरणं समजा, तेवढ्या दोनच दुरुस्त करून पाठवू नका, तसल्या सगळ्या शोधून काढा. दुरुस्त केलं की नवा टारबॉल, आणि काय काय बदललं ते त्याच टास्कवर लिहा, नवीन अर्ज टाकू नका. एखादी गोष्ट पटली नाही तर विचारा, कारण सांगतात ते लोक. गप्प बसलात तर मात्र अर्ज बंद होतो.

आता कोणी म्हणेल एवढा खटाटोप कशाला, कोड ठेवायला कोडबर्ग ही साइट आहे की. आहेच, आणि उत्तम आहे. बर्लिनमधल्या, 2018 मध्ये स्थापन झालेल्या नोंदणीकृत संस्थेचं, फोर्जेजो या मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारं, तिथे आधी मंजुरी लागत नाही, खातं उघडलं की रेपो तयार. पण मुक्त लायसन्सची अट तिथेही आहेच, आणि त्यांचं वुडपेकर सीआय (प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड-टेस्ट करणारी सोय) वापरायचं तर वेगळा अर्ज करावा लागतो. म्हणजे वर सांगितलेली साफसफाई तिथेही लागतेच, फक्त तिथे ती कोणी हात धरून करून घेत नाही. मला विचाराल तर पहिल्या प्रोजेक्टला सॅव्हानाचा रिव्ह्यू घ्याच, एवढं बारकाईने फुकटात कोणी बघून देत नाही. आणि होस्टिंग कुठलंही असो, दुसरी प्रत ठेवा. अशीच होस्टिंग साइट गिटोरियस 2015 मध्ये बंद झाली, गूगल कोड 2016 मध्ये, दोन्हीकडच्या लोकांना बाडबिस्तरा हलवावा लागला.

मंजुरी आली की एसएसएच की (सर्व्हरला तुमची ओळख पटवणारी किल्ली) खात्यात टाका, थोडा वेळ जाऊ द्या, मग कोड पुश करा, म्हणजे वर पाठवा. रिलीज टाकताना जीपीजी या डिजिटल सहीच्या साधनाने सही करून टाका. आणि त्याच दिवशी एक प्री-कमिट हुक (बदल नोंदवायच्या आधी आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट) लावून घ्या, कॉपीराइटची ओळ नसलेली नवी फाइल आली की कमिट अडवणारा.