लॉट-शेतकरी नाते सँडबॉक्समधून प्रॉडक्शनवर नेण्यापूर्वीची तयारी

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या अडत दुकानासाठी सेल्सफोर्स या ग्राहक-नोंदींच्या क्लाउड सॉफ्टवेअरवर शेतकरी, लॉट आणि सौदा ही ऑब्जेक्ट्स (नोंदींचे तक्ते) एकमेकांना जोडली असतील, तर ती नाती सँडबॉक्समधून (चाचणीच्या प्रतीतून) प्रॉडक्शनवर (प्रत्यक्ष वापरातल्या प्रणालीवर) नेण्याचा दिवस सौदे नसलेला निवडावा. प्रॉडक्शनच्या डिप्लॉयमेंट (बदल नेण्याच्या) सेटिंग्जमध्ये सँडबॉक्सकडून येणाऱ्या बदलांना परवानगी दिलेली असावी, हे सांगायला नकोच.

चेंज सेटमध्ये, म्हणजे प्रॉडक्शनला पाठवायच्या बदलांच्या संचात, लुकअप फील्ड (एक नोंद दुसरीशी जोडणारे साधे फील्ड), पेज लेआउट (पानाची मांडणी) आणि त्या फील्डला प्रवेश देणारा पर्मिशन सेट हे तिन्ही घटक एकत्र घालावेत. पर्मिशन सेट राहिला, तर डिप्लॉयमेंट यशस्वी झाल्याचा हिरवा शेरा मिळतो, फील्ड तयारही होते, परंतु ते कोणालाही दिसत नाही. गेल्या हंगामात नेमके हेच राहून गेले आणि सौदा पुकारला जात असताना दिवाणजी लॉटच्या पानावर शेतकऱ्याचे नाव शोधत बसले. सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरलाही ते दिसत नसल्याने फील्ड आलेच नाही, असा सर्वांचा समज झाला. तेव्हा पर्मिशन सेट घालावा आणि अपलोड करण्यापूर्वी तो पुन्हा पाहावा, कारण अपलोड झालेला चेंज सेट बदलता येत नाही, त्याची प्रत काढून नवा पाठवावा लागतो.

मास्टर-डिटेल, म्हणजे सौदा पूर्णपणे लॉटवर अवलंबून ठेवणाऱ्या, नात्याची अडचण निराळी आहे. त्याला फील्ड-लेव्हल (त्या एका फील्डपुरती) परवानगी लागत नाही, पण प्रॉडक्शनमध्ये सौद्याच्या जुन्या नोंदी असतील तर ते थेट निर्माणच होत नाही. आधी लुकअप न्यावे, डेटा लोडर या आयात-साधनाने प्रत्येक सौद्याला त्याचा लॉट जोडावा आणि मगच त्याचे मास्टर-डिटेलमध्ये रूपांतर करावे. रिसायकल बिनमधील लॉट नसलेल्या नोंदीही आडव्या येतात, म्हणून तो रिकामा करावा. जोडणीसाठी लॉट क्रमांक एक्स्टर्नल आयडी (नोंद ओळखण्याचा आपला स्वतःचा क्रमांक) म्हणून वापरावा. कारण सँडबॉक्समध्ये तयार झालेल्या नोंदींचे आयडी प्रॉडक्शनमध्ये नसतात. शिवाय मास्टर-डिटेलमध्ये लॉट पुसला की त्याचे सौदेही पुसले जातात. दुकानमालकाला हे चालणार आहे का, ते आधीच विचारावे.

यानंतर व्हॅलिडेट करावे, म्हणजे बदल प्रत्यक्ष न करता तो चालेल का हे तपासावे. चाचण्या उत्तीर्ण झाल्या की 10 दिवसांच्या आत, चाचण्या पुन्हा न चालवता, क्विक डिप्लॉय करता येते, त्यामुळे हे काम आठवड्याच्या कामकाजात उरकून प्रत्यक्ष बदल सुट्टीच्या दिवशी करावा.

आणि पर्मिशन सेट गेला म्हणजे तो वापरकर्त्यांना लागू झाला असे नव्हे. कोणाला कोणता सेट दिला आहे, ही माहिती चेंज सेटबरोबर जात नाही. प्रॉडक्शनमध्ये दिवाणजी, तोलणीचा कारकून आणि हिशेबनीस यांना तो हाताने द्यावा लागतो. तो दिल्यावर ॲडमिनच्या नव्हे, तर दिवाणजींच्या लॉगिनने लॉट उघडून पाहावा.

राहता राहिले किरकोळ: डेटाचा बॅकअप आधी घ्यावा, जुनी फील्ड्स चेंज सेटने पुसली जात नाहीत, ती हाताने काढावीत, आणि अहवाल एकदा चालवून पाहावेत.