उपग्रहावरचा आयनोग्राम वाचताना या चुका टाळा

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी अलुएट किंवा आयसिस या कॅनडाच्या उपग्रहांचे जुने आयनोग्राम निवडले असतील, तर निवड चांगली आहे. आयनोग्राम म्हणजे कोणत्या वारंवारतेच्या रेडिओलहरीचा प्रतिध्वनी वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थरांतून किती वेळाने परतला, याचं चित्र. चुंबकीय विषुववृत्ताजवळ सूर्यास्तानंतर उठणारे प्लाझ्माचे (विद्युतभारित वायूचे) विरळ बुडबुडे जोरात असले की खानदेशच्या आकाशापर्यंत पोचतात. पण चित्र वाचताना गफलती होतात त्या ठरलेल्याच.

पहिली गफलत खोलीची. १९६२ चा अलुएट-१ सुमारे १००० किलोमीटरवरून खाली लहरी सोडायचा. ४ मिलिसेकंदांत प्रतिध्वनी आला म्हणजे परावर्तन ६०० किलोमीटर खाली झालं, असं लिहू नका. प्लाझ्मात लहरीचा वेग मंदावतो, म्हणून खरी खोली त्याहून कमी असते. उपग्रहापासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने खाली गणित करावं लागतं. जोडीने दिसणाऱ्या दोन रेघा म्हणजे दोन थर नव्हेत. चुंबकीय क्षेत्रामुळे एकाच लहरीच्या दोन वाटा होतात.

आयनोग्रामवरचे उभे काटे गोंगाट म्हणून खोडणारेही भेटतात. असं करू नका. उपग्रहाभोवतालचा प्लाझ्माच तिथे झंकारत असतो. त्यातला प्लाझ्मा वारंवारतेचा काटा १ मेगाहर्ट्झवर असेल, तर तिथे घनसेंटिमीटरला सुमारे १२,४०० इलेक्ट्रॉन आहेत, हे आयतं हाती येतं.

खरा घोळ पसरट प्रतिध्वनीत होतो. फिसकटलेली रेघ दिसली की ‘जाड थर’ लिहून मोकळे होतात. पालच्या जंगलात डोंगरासमोर हाक मारा, वेगवेगळ्या कड्यांवरून ती मागेपुढे परत येते. तसंच इथे तिरप्या दिशांनी विखुरलेले प्रतिध्वनी एकत्र नोंदले जातात. याउलट, लांबवरची रेखीव रेघ पाहून ‘अनियमितता (घनतेतले चढउतार) नाही’ म्हणणंही चूक. चुंबकीय रेषेलगतच्या घनतेच्या बारीक फरकाने नळी तयार होते आणि लहर तिच्यातून दुसऱ्या गोलार्धापर्यंत जाऊन परतते. ती रेखीव रेघच अनियमिततेची खूण! शिवाय ३ मेगाहर्ट्झची लहर मागे विखुरते ती साधारण ५० मीटरच्या रचनांवरून, तर जीपीएसचा सिग्नल लुकलुकतो तो काहीशे मीटरच्या रचनांमुळे. म्हणून रावेरच्या केळीबागेत जीपीएसचं मोजणीयंत्र नीट चाललं, एवढ्यावरून आयनोग्राम खोटा ठरवू नका.

आयनोग्रामवरची वेळ जागतिक (ग्रीनिचची) असते. साडेपाच तास मिळवून थांबू नका. जळगावची सौरवेळ भारतीय वेळेच्या सुमारे २८ मिनिटं मागे आहे. ३०० किलोमीटरवर सूर्य जमिनीपेक्षा तासाहून उशिरा मावळतो. आणि सौरवेळ काढताना रेखांश घ्यायचा तो उपग्रहाचा, आपल्या कॉलेजचा नव्हे.