रस्ट शिकायचीय? आधी शब्द मोजणारे टूल लिहा

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेचे नियम पाठ करत बसण्यापेक्षा युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर १९७१पासून असलेली ‘डब्ल्यूसी’ ही कमांड स्वतः लिहून बघा. ती फाइलमधल्या ओळी, शब्द आणि बाइट मोजते. खरी कमांड हाताशी असल्याने आपले उत्तर लगेच पडताळता येते.

१. ‘रस्टअप’ या इन्स्टॉलरने रस्ट इन्स्टॉल करा. सोबत ‘कार्गो’ हे प्रोजेक्ट सांभाळणारे टूल येते. ‘कार्गो न्यू’पुढे प्रोजेक्टचे नाव द्या, मग त्या फोल्डरमध्ये जाऊन ‘कार्गो रन’ करा.

२. फाइलचे नाव ‘आर्ग्ज’मधून, म्हणजे कमांडसोबत दिलेल्या मूल्यांच्या यादीतून घ्या. त्यात पहिले मूल्य बहुधा प्रोग्रामचेच नाव असते, म्हणून दुसरे उचला. ‘रीड टू स्ट्रिंग’ने मजकूर वाचा. एरर आली तर प्रोग्राम तिथेच थांबवणारे ‘अनरॅप’ तूर्तास चालेल.

३. ओळी आणि शब्द मोजायला दोन वेगळी फंक्शन लिहा आणि दोन्हींना तीच स्ट्रिंग, म्हणजे वाचलेला मजकूर द्या. कंपायलर अडवेल, कारण पहिल्या फंक्शनला देताच स्ट्रिंगची मालकी तिकडे गेलेली असते. ‘क्लोन’ लावून, म्हणजे स्ट्रिंगची प्रत काढून सुटका होते, पण ती करून घेऊ नका; रस्टचा गाभा इथेच आहे. एरर शेवटपर्यंत वाचा. ‘रस्टसी’ या रस्टच्या कंपायलरला ‘एक्स्प्लेन’ आणि ‘ई०३८२’ हा क्रमांक दिला की उदाहरणासह खुलासा मिळतो. मोजणाऱ्याला मजकूर फक्त वाचायचा आहे, तेव्हा त्याला संदर्भ द्या, म्हणजे ‘अँड’चे चिन्ह लावा. मालकी तुमच्याकडेच राहते.

४. आता फाइलमध्ये फक्त ‘मराठी’ लिहा, शेवटी एंटर नको. बाइट मोजणारे ‘लेन’ सांगेल १५, ‘चार्स’ म्हणजे सुटी चिन्हे मोजली तर ५, आणि आपल्याला दिसतात अक्षरे ३! यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे असतात. इंग्रजी मजकुरावर हा फरक सहसा लक्षातच येत नाही, म्हणून चाचणी मराठीतच करा. ओळींचाही मेळ बसणार नाही: ‘डब्ल्यूसी’ ० म्हणेल, तुमच्या प्रोग्राममधले ओळी सुट्या करणारे ‘लाइन्स’ १. ती नव्या ओळीची चिन्हे मोजते, ‘लाइन्स’ मात्र शेवटची अपुरी ओळही धरते. यातले काय हवे ते ठरवा आणि तसे लिहा.

५. ‘अनरॅप’ काढा. फाइल सापडली नाही तर ‘मॅच’ने एरर पकडा, निरोप एररच्या वेगळ्या वाटेने पाठवणाऱ्या ‘ईप्रिंटएलएन’ने छापा आणि अपयश सांगणारा एक्झिट कोड १ देऊन बाहेर पडा. निरोप साध्या ‘प्रिंटएलएन’ने छापला तर तो पाइपमधून पुढच्या कमांडच्या पोटात जातो.

मोठ्या लॉग फाइलसाठी पुढे थोडे थोडे वाचणारा ‘बफरीडर’ वापरा. सगळी फाइल एकदम मेमरीत घ्यावी लागत नाही.