सबटायटल बंद करा, मग ऐका

मी लातूरची नर्स, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करताना वाचन जमलं, ऐकण्यात मात्र घोडं अडलं. तिथे प्रश्न ४० आणि रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात. वर्षभर मी यूट्यूबवर रोज तासभर इंग्रजी व्हिडिओ बघत होते, पण सबटायटल लावून. म्हणजे मी ऐकत नव्हते, वाचत होते.

आता मी बीबीसी लर्निंग इंग्लिशचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा कार्यक्रम घेते, त्यातही एकच मिनिट. त्याची लिखित संहिता मिळते, म्हणून तो निवडला. आपोआप येणारी सबटायटल बऱ्याचदा चुकतात.

आधी मोबाइल पालथा ठेवून ऐका आणि विषय काय ते मराठीत एका वाक्यात सांगा. मग एकेक वाक्य थांबवून वहीत उतरवा. स्क्रीनच्या डाव्या बाजूला दोनदा टॅप केलं की व्हिडिओ १० सेकंद मागे जातो. तीनदा ऐकूनही कळलं नाही, तर जागा रिकामी सोडून पुढे चला. शेवटी संहिता उघडा आणि गाळलेलं लाल पेनने भरा.

खरा अभ्यास त्या लाल शब्दांचा. माझ्या वहीत लाल झालेले बहुतेक शब्द मला शाळेपासून येत होते: ऑफ, टू, अँड, कॅन. आपण मराठीत जवळजवळ प्रत्येक अक्षर नीट उच्चारतो. इंग्रजीत जोर नसलेलं अक्षर गिळलं जातं. 'डिड यू'चं 'डिजू' होतं, 'फिश अँड चिप्स'मधला 'अँड' नुसता 'न' उरतो. 'कॅन' आणि 'कान्ट' यांवर मी आठवडा घालवला, कारण पेशंटला गिळता येतं की नाही, हे वॉर्डात चुकीचं ऐकून चालणार नाही. 'कान्ट'मधला 'ट' अनेकदा ऐकूच येत नाही. त्यामुळे स्वर धरा: होकारी वाक्यात 'कन' झटकन निसटतो, नकारात 'कान्ट'वर जोर येतो. ती वाक्यं त्याच घाईने मोठ्याने म्हणा. तोंडाला वळण लागलं की कानालाही ओळखू येतात.

वेग ०.७५ करायचा तो अडलेल्या वाक्यापुरताच. लगेच पुन्हा मूळ वेगावर या.

दुसऱ्या दिवशी चहा उकळेपर्यंत तेच मिनिट वही न बघता ऐका. कालचे लाल शब्द अजून निसटत असतील, तर नवीन व्हिडिओ उघडू नका. त्याच मिनिटाला आणखी एक दिवस द्या.