सततच्या पावसात पिकाची प्रतिकारशक्ती कशी राखाल?

शेतकरी बंधू-भगिनींनो, आभाळ भरून राहिले आणि रिपरिप थांबेना, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आता कोणते औषध फवारू? तो प्रश्न योग्यच आहे, पण त्याच्या आधीचा एक प्रश्न राहून जातो. पीक स्वतःच्या बचावासाठी काय करते आहे, आणि आपण त्याला साथ देतो आहोत की त्याचे हात बांधतो आहोत?

जनावराच्या रक्तात रोगजंतूंवर चालून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी फिरत असतात. झाडाकडे अशी फिरती फौज नाही. त्याची जवळजवळ प्रत्येक जिवंत पेशी आपली राखण आपणच करते. पानावरचा मेणाचा थर हे पहिले कुंपण आणि जाड पेशीभित्तिका हे दुसरे. जिवाणूंना हे कुंपण भेदता येत नाही. ते पर्णरंध्रांतून किंवा जखमेतून आत शिरतात. जिवाणूच्या शेपटीतले प्रथिन किंवा बुरशीच्या भिंतीतले कायटिन जाणवताच झाड सावध होते, पर्णरंध्रे मिटू लागते, भिंती जाड करते आणि बुरशीची भिंत विरघळवणारी विकरे सोडते. मात्र हवेत सतत दमटपणा असला की रंध्रे मिटण्याची ही क्रिया ढिली पडते. ढगांमुळे ऊन कमी, म्हणून पानात साखर कमी तयार होते, आणि बचावाचा सगळा खर्च तर साखरेतूनच भागतो. झाड दुबळे असते नेमके तेव्हाच बुरशीला हवा तो ओलावा मिळतो.

म्हणून या दिवसांत झाडाला नवी जखम होऊ देऊ नका. पाने ओली असताना छाटणी, बगलफूट काढणे, बांधणी ही कामे थांबवा. ओल्या पानांतून फिरणारा माणूसच करपा एका ओळीतून दुसऱ्या ओळीत नेतो. छाटणी टाळता येत नसेल तर उघडीप पाहून करा, कात्री दर झाडानंतर 70 टक्के अल्कोहोलने पुसा आणि फळझाडाच्या मोठ्या कापांवर 10 टक्के बोर्डो पेस्ट लावा. वाफसा नसताना कोळपणी तर नकोच. तिने मुळे तुटतात, माती दबते, आणि तुटलेले मूळ म्हणजे मर व मूळकुजीच्या बुरशीला उघडे दार.

पाणी साचले की मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि मुळांची बचावाची ताकद सर्वात आधी जाते. शिवाय फायटोप्थोरासारख्या रोगकारकांचे बीजाणू साचलेल्या पाण्यात पोहत मुळांपर्यंत पोहोचतात. हातात एकाच कामापुरता वेळ असेल, तर माझ्या मते फवारणीचा पंप बाजूला ठेवून आधी चर मोकळे करावेत.

युरियाबद्दल थोडे कठोर बोलतो. पाऊस उघडला की पिवळे पडलेले पीक पाहवत नाही, आणि काळोखी आणण्यासाठी हात युरियाकडे जातो. पण पाणी साचल्याने आलेला पिवळेपणा पुष्कळदा मुळे गुदमरल्याचा असतो. निचरा झाल्यावर नवी पांढरी मुळी फुटू द्या, मग खताचे पाहा. जादा नत्राने पान लुसलुशीत होते, भिंती पातळ राहतात, पानातल्या रसात अमिनो आम्ले वाढतात आणि ती मावा-तुडतुड्यांना व बुरशीला आयती मिळतात. भातावरचा करपा अशा शेतात अधिक पेटतो. नत्र द्यायचेच तर थोडे थोडे विभागून द्या, आणि माती परीक्षणानुसार पालाश कमी पडू देऊ नका. कॅल्शियम पेशींना एकमेकींशी घट्ट जोडून ठेवते. भात सिलिका शोषून पानाच्या सालीखाली तिचा थर तयार करतो, त्यामुळे सिलिकायुक्त खताचा भाताला चांगला उपयोग होतो.

आता ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ फवारण्यांविषयी. 1961 साली फ्रँक रॉस यांनी तंबाखूच्या काही पानांना विषाणूची लागण केली, तेव्हा लागण न केलेली बाकीची पानेही पुढे त्या विषाणूला दाद देईनाशी झाली. एका पानातला धोका साऱ्या झाडाला कळतो, आणि या निरोपाच्या साखळीत सॅलिसिलिक आम्लाचा मोठा वाटा असतो. या फवारण्या झाडाची हीच तयारी जागवू पाहतात, पण ती व्हायला काही दिवस लागतात. म्हणून अशी उत्पादने रोग येण्याआधी वापरली तरच अर्थ आहे. पानभर ठिपके पसरल्यावर ती मारणे म्हणजे पैसा वाया. तेव्हा शिफारशीचे बुरशीनाशकच लागते. ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीचेही तसेच. तो मुळांभोवती आधी वसला पाहिजे, तरच रोगकारक बुरशीला खातो आणि झाडालाही सावध ठेवतो. बियाण्याला रासायनिक बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी आणि जैविक घटक शेवटी. दोन्ही एकत्र चालतात का हे लेबलवर पाहिल्याशिवाय मिसळू नका.

फवारणीत चिकट द्रव्य मापातच घाला. जास्त झाले तर पानावरचे मेण निघते आणि आपणच कुंपण मोडतो.

एक निरीक्षण आवर्जून करा. काही वेळा झाड रोग शिरलेल्या जागेच्या पेशी स्वतःच मारून टाकते, म्हणजे रोगाला पुढे जायला जिवंत वाट उरत नाही. तिथे टाचणीच्या टोकाएवढा कोरडा ठिपका उरतो आणि तो वाढत नाही. म्हणून ठिपके दिसताच घाबरू नका. दहा ठिपकेवाल्या पानांच्या देठांना रंगीत दोरा बांधा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीच पाने पाहा. ठिपका तेवढाच असेल तर आणखी लक्ष ठेवा. कडेला पाणीदार वलय आले, खालून पांढरी बुरशी दिसली किंवा ठिपके एकमेकांत मिसळू लागले, तर त्याच दिवशी उपाय सुरू करा. बटाटा-टोमॅटोवरील उशिराच्या करप्याची शंका असेल तर मात्र दोरा बांधून थांबू नका, तो रोग दोन दिवसांची सवड देत नाही.

गोठ्यातले गणित वेगळे आहे. जनावराचे शरीर एकदा भेटलेला रोग लक्षात ठेवते, म्हणून लस उपयोगी पडते. पण लसीनंतर पुरेशी ताकद यायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. घटसर्प, फऱ्याची लस पावसाच्या तोंडावर नव्हे, त्याआधीच टोचून घ्या. आणि या दिवसांत गाय व्यायली तर वासराला पहिल्या दोन तासांत चीक पाजा. वासरू प्रतिपिंडांशिवाय जन्मते, ती त्याला चिकातूनच मिळतात, आणि आतड्यातून ती शोषण्याची सोय दिवसभरातच बंद होते. पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे 30 किलोच्या वासराला 3 लिटर चीक, दोन-तीन वेळा विभागून द्या.