इंग्लिशचा क्लास लावायचाय? आधी कोणासाठी आणि कशासाठी ते ठरवा

"एखादा चांगला इंग्लिश स्पीकिंगचा क्लास सुचवा ना" असं कोणी म्हणलं की मी आधी विचारते, कोणासाठी हवाय? कारण मराठी मीडियममधून बारावी करून इंजिनिअरिंगला गेलेला मुलगा, लेकीच्या शाळेत पॅरेंट्स मीटिंगला गप्प बसणारी आई, लंडनला नोकरीसाठी निघालेली नर्स आणि दापोलीत होमस्टे चालवणारं जोडपं, या सगळ्यांना एकाच क्लासला घातलं तर सगळ्यांचेच पैसे जाणार. आणि नेमकं तेच होतं. बहुतेक ठिकाणी सगळ्यांना एकाच बॅचला बसवतात, पहिल्या दिवसापासून टेन्स सुरू, तीन महिन्यांनी सर्टिफिकेट हातात आणि बोलायची वेळ आली की तोंडातून शब्द फुटत नाही, मग माणूस स्वतःलाच दोष देतो की मला जमतच नाही. मी बरीच वर्षं संध्याकाळच्या बॅचेस घेतल्यात आणि असं म्हणत आलेले लोक खूप बघितलेत. त्यांना जमत नव्हतं असं अजिबात नाही, त्यांना चुकीचा कोर्स मिळाला होता.

तर सुरुवात लेव्हलपासून करा. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ साली भाषेच्या सहा पायऱ्या ठरवून दिल्या, ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२, आणि आज जगभरातले कोर्स आणि परीक्षा त्यावरच मोजतात. ए१ म्हणजे नाव-गाव सांगणं, किंमत विचारणं, बी१ म्हणजे ओळखीच्या विषयावर अडखळत का होईना पण स्वतःचं म्हणणं मांडता येणं, बी२ म्हणजे ऑफिसची मीटिंग किंवा कॉलेजचं लेक्चर झेपणं. केंब्रिज इंग्लिशच्या साइटवर फुकट टेस्ट आहे, ईएफ सेट नावाची पण आहे, घरी बसून देता येते. पण अशी छोटी टेस्ट तुमची समज तपासते, बोलणं कितपत येतं ते त्यातून नीट कळत नाही. त्यासाठी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि काल दिवसभर काय केलं ते दोन मिनिटं इंग्लिशमध्ये बोला. मग ऐका की नेमकं कुठे अडलं. शब्दच आठवत नव्हते, का शब्द होते पण वाक्य जुळत नव्हतं, का एकटं असताना बऱ्यापैकी बोलता आलं आणि फक्त लोकांसमोर घशाला कोरड पडते? या तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि तिघींना वेगवेगळा क्लास लागतो. शब्द कमी असतील तर वाचन-ऐकणं भरपूर असलेला कोर्स, वाक्य जुळत नसेल तर ग्रामर बोलून पक्कं करून घेणारा, आणि भीती असेल तर लहान बॅच, त्यात ग्रामर कमी असलं तरी चालेल.

आता त्या "३० दिवसांत फाडफाड इंग्लिश"चा हिशोब करू. केंब्रिजच्याच अंदाजाने अगदी शून्यापासून ए२ पर्यंत यायला शिक्षकासोबतचे साधारण १८० ते २०० तास लागतात, बी१ ला ३५० ते ४००, बी२ ला ५०० ते ६००. रोज एक तास धरला तर तीस दिवसांत तीसच तास होतात ना. म्हणजे महिन्याभराच्या क्लासने काहीच होत नाही असं मी म्हणत नाहीये, ज्याचं आधीच बी१ आहे आणि फक्त जीभ वळत नाहीये त्याला महिन्यात खूप फरक जाणवतो, पण ज्याला एबीसीडीच्या पुढे फार काही येत नाही त्याला कोणी तीस दिवसांची गॅरंटी देत असेल तर सरळ उठून यायचं.

मराठी मीडियमच्या मुलांबद्दल जरा जास्त लिहिते कारण त्यांच्यावर सगळ्यात जास्त अन्याय होतो. आपल्याकडे २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे दहावी झालेल्या मुलाने दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. त्याला परत "धिस इज अ पेन" पासून सुरू करायची काही गरज नाही, तो पहिल्याच आठवड्यात कंटाळतो. फर्स्ट इयरला गेल्यावर त्याला खरी अडचण येते ती फिजिक्सचं जाड पुस्तक वाचताना आणि सर फास्ट बोलतात तेव्हा नोट्स काढताना. त्याला वाचन आणि ऐकण्यावर भर देणारा कोर्स हवा, जमल्यास त्याच्याच विषयातले उतारे घेणारा. स्पीकिंगचा क्लास थर्ड इयरला, प्लेसमेंटच्या आधी सहा-आठ महिने लावला तर त्याचा उपयोग होतो, ग्रुप डिस्कशन आणि इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस तेव्हा ताजी राहते. आणि एमपीएससी-यूपीएससी करणाऱ्यांनी इंग्रजीच्या पेपरसाठी तर स्पीकिंगच्या क्लासला जाऊच नका. यूपीएससी मेन्सचा इंग्रजीचा पेपर ३०० मार्कांचा, फक्त क्वालिफाइंग, २५ टक्के लागतात, पण त्यात निबंध, उतारा, सारांशलेखन असतं, ते लिहूनच जमतं, त्यामुळे आठवड्याला दोन पेपर लिहून घेऊन लाल पेनाने तपासून देणारा माणूस शोधा.

आयांसाठी मात्र मी वेगळं सांगते. मुलं इंग्लिश मीडियमला, डायरीत रोज काहीतरी नोट येते, टीचर इंग्लिशमध्ये बोलतात आणि आई मागे उभी राहते. तिला मोठ्या क्लासमध्ये विशीतल्या पोरांसोबत बसवलं की ती आठवड्यात यायची बंद होते. दुपारची, फक्त बायकांची, सात-आठ जणींची बॅच बघा, आणि क्लासवाल्या मॅडमना आधीच सांगा की मला डायरीतली नोट वाचता आली पाहिजे, सुट्टीचा अर्ज लिहिता आला पाहिजे आणि मीटिंगमध्ये दोन प्रश्न विचारता आले पाहिजेत. इतकं स्पष्ट सांगितल्यावर चांगली शिक्षिका लगेच म्हणते की डायरी घेऊन या उद्या. "आमचा सिलॅबस ठरलेला असतो" असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. मालवण, दापोलीकडे होमस्टेवाले किंवा गोव्यात टूरिस्ट टॅक्सी चालवणारे, त्यांनाही हेच लागू, चेक-इन, जेवणात काय आहे, गाडी किती वाजता, भाडं किती, अशी शे-दीडशे वाक्यं सीझनच्या आधी पक्की करून घेतली की काम चालतं, आणि ती पावसाळ्यात करायची, तेव्हाच वेळ असतो.

परदेशी जाणाऱ्यांनी कुठलाही क्लास लावायच्या आधी आपल्याला कोणती परीक्षा लागते ते त्या युनिव्हर्सिटीच्या किंवा त्या देशाच्या सरकारी साइटवर स्वतः वाचा, एजंटने सांगितलं म्हणून नको. आयईएलटीएस या इंग्लिशच्या परीक्षेत ॲकॅडमिक आणि जनरल ट्रेनिंग असे दोन प्रकार आहेत, लिसनिंग-स्पीकिंग दोन्हीत सारखं, रीडिंग-रायटिंग वेगळं. ॲकॅडमिकला ग्राफ किंवा तक्ता बघून लिहावं लागतं, जनरलला पत्र असतं, आणि एकाच बॅचमध्ये दोन्ही एकत्र शिकवत असतील तर रीडिंग-रायटिंगचा बराच वेळ तुमचा नसतोच. निकाल दोन वर्षंच चालतो म्हणून उगाच लवकर देऊन ठेवू नका, फी पण सतरा-अठरा हजारांच्या घरात गेलीय. आणि तुमची लेव्हल बी१ च्या खाली असेल तर अजून आयईएलटीएसचा क्लास लावूच नका. तिथे युक्त्या शिकवतात, प्रश्न कसा ओळखायचा, वेळ कसा वाटायचा वगैरे, पण स्पीकिंगमध्ये कार्ड हातात देऊन एक मिनिट विचार करायला देतात आणि पुढे दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचं असतं, तिथे युक्ती चालत नाही, भाषाच लागते. आधी सहा महिने साधं जनरल इंग्लिश, मग महिना-दीड महिना परीक्षेची तयारी, हा क्रम ठेवा.

नर्सेसनी ओईटी, म्हणजे ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, बघावीच. बारा वैद्यकीय व्यवसायांसाठी ही परीक्षा असते, लिसनिंग-रीडिंग सगळ्यांना सारखं, रायटिंग-स्पीकिंग व्यवसायाप्रमाणे वेगळं, नर्सिंगच्या पेपरात रायटिंगला पेशंटच्या केस नोट्स देऊन रेफरल किंवा डिस्चार्जचं पत्र लिहायला सांगतात, स्पीकिंगला दोन रोलप्ले, त्यात तुम्ही नर्स आणि समोरचा पेशंट किंवा नातेवाईक. ज्या मुलीने वॉर्डमध्ये चार वर्षं काढलीत तिला घाबरलेल्या पेशंटला समजावणं जमतंच, तिला आयईएलटीएससारखा जागतिक तापमानवाढीवर निबंध लिहायला लावण्यापेक्षा हे बरं. यूकेची नर्सिंग कौन्सिल आयईएलटीएस आणि ओईटी दोन्ही परीक्षा मान्य करते. जर्मनीला जायचं असेल तर मात्र इंग्लिशवर पैसे घालू नका, तिथे जर्मन लागतं, हे मुद्दाम सांगतेय कारण दोन्ही एकदम सुरू करून दोन्ही अर्धवट राहिलेल्या मुली मी बघितल्यात. आणि लग्न होऊन नवऱ्याकडे यूकेला जायचं असेल आणि नवरा तिथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी असेल तर सुरुवातीच्या व्हिसाला फक्त ए१ लेव्हलची बोलण्या-ऐकण्याची छोटी टेस्ट लागते, पूर्ण आयईएलटीएसची तयारी कोणी गळ्यात मारत असेल तर थांबा, अर्ज करताना सरकारी साइटवर नियम परत एकदा बघा म्हणजे झालं.

लहान मुलांचं थोडक्यात. आठ वर्षांच्या आतल्या मुलाला ग्रामरचा क्लास नको. फोनिक्सचा चालेल, कारण त्यात अक्षराचा आवाज शिकवतात आणि मूल स्वतः वाचायला लागतं, पण त्याहून जास्त त्याला रोज कोणीतरी मोठ्याने गोष्ट वाचून दाखवणं गरजेचं. घरात मराठी बोलणं बंद करा असं सांगणाऱ्या क्लासचं अजिबात ऐकू नका, मराठी पक्की असलेलं मूल इंग्लिशही नीट शिकतं.

आता क्लास प्रत्यक्ष कसा पारखायचा. डेमो लेक्चरला गेलात की घड्याळ लावून बसा. दीड तासाची बॅच, चाळीस मुलं, त्यात सर तासभर फळ्यावर शिकवणार, उरला अर्धा तास, म्हणजे माणशी पाऊण मिनिट. तीन महिन्यांत ६० लेक्चर झाली तरी एका मुलाच्या वाट्याला बोलायला सगळं मिळून ४५ मिनिटं येतात. एवढ्यासाठी आठ-दहा हजार द्यायचे का ते ठरवा. दहा-बाराच्या वर बॅच असेल तर निदान जोड्या पाडून बोलायला लावतात का ते बघा.

दुसरं म्हणजे चूक झाल्यावर काय होतं ते बघा. एखादा मुलगा म्हणाला "आय डिडन्ट वेंट", तर काही सर तिथेच अडवतात, नियम सांगतात, मागची पोरं हसतात आणि तो मुलगा पुढचा आठवडाभर तोंड उघडत नाही. चांगला शिक्षक त्याला वाक्य पुरं करू देतो, मग सहज विचारतो, "ओह, यू डिडन्ट गो? व्हाय?" आणि पुढे असे दोन-तीन प्रश्न टाकतो की त्या मुलाला "डिडन्ट गो, डिडन्ट सी, डिडन्ट ईट" आपोआप म्हणावं लागतं. डेमोमध्ये हे एकदा जरी दिसलं ना तरी तो क्लास लावा, मग एसी असो नसो, प्रोजेक्टर असो नसो. शिक्षकाला मराठी येत असेल तर सुरुवातीच्या लेव्हलला उलट फायदाच आहे, "माय हेड इज पेनिंग" कुठून आलं ते त्याला लगेच कळतं. मराठी शब्द उच्चारला की दहा रुपये दंड असले नियम बी१ च्या पुढच्यांना ठीक, नवशिक्यांचं त्याने तोंडच बंद होतं.

पैसे शक्यतो महिन्याच्या महिन्याला द्या. वर्षाची फी एकदम भरा, डिस्काउंट देतो म्हणाले तरी आधी एकच महिना. ईएमआयवर सही घेत असतील तर ते बहुतेक वेळा तिसऱ्याच कंपनीचं कर्ज असतं, क्लास सोडला तरी हप्ते सुरू राहतात, कागद घरी आणून वाचा. फी जीएसटी धरून आहे का ते विचारा, पावती घ्या, मध्येच सोडलं तर किती परत मिळणार ते लिहून घ्या, आणि नंतर टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

ज्यांना फी परवडतच नाही त्यांच्यासाठी, बीबीसी लर्निंग इंग्लिश आणि ब्रिटिश कौन्सिलचं लर्नइंग्लिश दोन्ही फुकट आहेत, लेव्हलप्रमाणे लावलेले आहेत, आणि बालभारतीची मराठी माध्यमाची इंग्रजीची पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये मिळतात, पाचवीपासून सुरू करून दहावीपर्यंत मोठ्याने वाचत गेलात तरी पाया बसतो. ॲपवर शब्द चांगले पाठ होतात, एआयशी बोलून लाजही जरा मोडते, पण समोर माणूस लागतोच. ओळखीतलं कोणीतरी शिकणारं असेलच, त्याच्यासोबत रात्री जेवणानंतर वीस मिनिटं फोनवर इंग्लिशमध्येच बोलायचं ठरवून टाका, विषय आदल्या दिवशी ठरवा, पहिली दहा मिनिटं एकाने प्रश्न विचारायचे आणि दुसरी दहा दुसऱ्याने, आणि एकमेकांच्या चुका फोन ठेवल्यावर मेसेज करून सांगायच्या, मध्ये तोडून नाही.