काळ्याकुट्ट चाकांसाठी क्लीनर घेताय? या चुका टाळा

गाडी धुऊन झाली, काचा पुसून झाल्या, पण चाकं काळीच राहिली की माणूस दुकानात जाऊन विचारतो, "एकदम जालीम काय आहे?" घोळ इथेच होतो. चाकावर नक्की काय बसलंय आणि चाक कशाचं आहे, हे आधी बघायला हवं. बाटलीचा विचार त्यानंतर.

आपल्याकडे चाकांवर तीन तऱ्हेची घाण बसते. वाळवा, पलूस, मिरज भागातली काळी माती ओली असताना रिमला लिंपल्यासारखी चिकटते आणि वाळली की खडक होते. पसरणी किंवा केळघर घाट उतरून आलात की पुढच्या चाकांवर ब्रेकची काळी भुकटी दिसते. नव्याने केलेल्या रस्त्यावरून गेलात की डांबराचे ठिपके. या तिन्हींवर एकच औषध चालत नाही.

मातीवर पैसे घालवू नका

मातीला क्लीनर लागतच नाही. भरपूर पाणी मारा, भिजू द्या, मग कार शाम्पू आणि मऊ ब्रश. वाळलेली माती कोरडी खरवडली की ओरखडे ठरलेले. रिमच्या आतल्या बाजूला मात्र कुणी हात घालत नाही. ऊसतोडणीच्या दिवसांत शेतरस्त्यावरून आलेल्या गाडीच्या रिमला आतून मातीचा थर बसतो आणि हायवेला वेग घेतला की स्टेअरिंग थरथरायला लागतं. बॅलन्सिंगला पैसे मोजण्याआधी चाकं आतून धुऊन बघा. बऱ्याचदा थरथर तिथेच थांबते.

भुकटी नुसती काळी धूळ नव्हे

ब्रेक दाबला की पॅड आणि लोखंडी डिस्क दोन्ही झिजतात. लोखंडाचे तापलेले बारीक कण चाकाच्या वार्निशवर बसतात, ओलाव्याने गंजतात आणि पकड घेतात. बऱ्याच गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. म्हणून पुढची चाकं जास्त काळी दिसतात.

शाम्पूने धुतल्यावर ओल्या चाकावरून बोट फिरवा. गुळगुळीत लागलं तर काम झालं. तपकिरी ठिपके खरखरीत लागले तर आयर्न रिमूव्हर घ्या, शक्यतो ज्यावर 'पीएच न्यूट्रल' (म्हणजे ना आम्ल ना अल्कली) लिहिलंय तो. यात बहुधा थायोग्लायकोलेट असतं. ते लोखंडाशी संयोग पावलं की जांभळा ओघळ येतो आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. वासाला घाबरू नका, पण काम मोकळ्या हवेत करा.

ओघळ जांभळा झाला नाही म्हणून माल नकली ठरवायची घाई नको. लोखंड नसेल तर रंग कुठून येणार? तिथे डांबर असेल. त्यासाठी टार रिमूव्हर कापडावर घेऊन तेवढेच ठिपके पुसा. डिझेल किंवा रॉकेल फवारायची पद्धत मात्र बंद करा. ते टायरचं रबर खराब करतं आणि ब्रेकच्या डिस्कवर गेलं तर ब्रेकच धरत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक

टॉयलेट क्लीनर आणि फरशीचं ॲसिड. काळपट चाक दोन मिनिटांत पांढरं होतं, म्हणून लोकांना ते पटतं. पण मॅग व्हील ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं. वार्निशला कुठे टवका उडाला असेल तर ॲसिड तिथून थेट धातूवर जातं आणि पांढुरके डाग कायमचे राहतात. धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक असलेले डीग्रीझरही (तेलकटपणा काढणारी औषधं) तितकेच वाईट, कारण ॲल्युमिनियमला आम्ल आणि अल्कली दोन्ही खातात. पॉलिश केलेल्या, वार्निश नसलेल्या चाकाला तर हे लावूच नका.

काही कडक व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. हे कातडीतून आत शिरतं, हाडापर्यंत इजा करतं आणि दुखणं कधी कधी काही तासांनी सुरू होतं. वॉशिंग सेंटरला बिनलेबलच्या कॅनमधून काही मारत असतील तर काय आहे ते विचारा. ते मारणाऱ्या पोराच्या हातात मोजे नसतील तर तेही बोलून दाखवा.

डायमंड कट चाकांवर (ज्यांचा दर्शनी भाग यंत्रावर कापून चकचकीत केलेला असतो) कधी कधी वार्निशखाली पांढऱ्या, किड्यासारख्या नागमोडी रेषा दिसतात. ती घाण नाही, आत पाणी शिरून धातू गंजलाय. कुठलाही क्लीनर ते काढू शकत नाही, चाकाचं फिनिशिंगच नव्याने करावं लागतं.

गरम चाकावर क्लीनर मारणं हीसुद्धा नेहमीची चूक. घाट उतरून आल्या आल्या मारलात तर तो धुण्याआधीच वाळतो आणि डाग सोडतो. चाक हाताला गार लागू द्या, गाडी सावलीत घ्या, एका वेळी एकच चाक करा आणि लेबलवर दिलेल्या वेळेत धुऊन टाका. बोअरचं पाणी असेल तर लगेच कापडाने टिपा, नाहीतर क्षारांचे पांढरे ठिपके उरतात. तारेची घासणी अजिबात नको.

आणि पुढच्या दोन चाकांपैकी एकच सारखं जास्त काळं होत असेल, किंवा हात लावला तर जास्त तापलेलं लागत असेल, तर क्लीनर बदलत बसू नका. त्या बाजूचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकत असण्याची शक्यता आहे. चाकाच्या आतून तेलकट ओल दिसली तर ब्रेक ऑइल किंवा ग्रीस गळत असेल. ते पुसायच्या आधी तसंच्या तसं मेकॅनिकला दाखवा, म्हणजे गळती कुठून आहे हे त्याला कळेल.